परवाना आहे, पण नेम कुठे आहे?

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो, हा लेख बंदुकीविषयी आहे. ज्यांना हा शब्द वाचूनच मळमळते त्यांनीही कृपया पुढे वाचावे, कारण बंदूक हवी की नको हा आजचा वाद नाही. कोकणात ती घरोघरी नसली तरी वाडीवाडीत आहे, आणि सरकारी शिक्क्यानिशी आहे. माझे भांडण वेगळे आहे. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सरकार शेतकऱ्याला देते. त्या बंदुकीची गोळी नेमकी कुठे जाते हे तपासायची सक्ती मात्र कोणावर नाही, आणि तपासायचे म्हटले तर सोय जवळपास नाही. परवान्यासाठी माणसाचे चारित्र्य तपासतात, पत्ता तपासतात, सातबारा तपासतात. नेम सोडून सगळे!

हे सुचायचे कारण म्हणजे मी राहतो ते ठिकाण. टार्निट हे मेलबर्नच्या पश्चिमेचे उपनगर, शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर. पूर्वी इथे दगडी कुंपणांची उघडी माळराने होती, आता एकसारख्या घरांच्या रांगा आहेत. २०१५ मध्ये रेल्वे स्टेशन झाले आणि वस्ती आणखी वाढली. संध्याकाळच्या गाडीतून उतरणाऱ्या गर्दीत पंजाबी, तेलुगू, गुजराती कानावर पडते आणि अधूनमधून ‘अगं, दूध घेतलंस का?’ सुद्धा. नैर्ऋत्येला यू यांग्ज नावाच्या टेकड्या दिसतात. त्यांच्याजवळ लिटल रिव्हर या गावी स्पोर्टिंग शूटर्स असोसिएशनची ईगल पार्क नावाची नेमबाजीची रेंज आहे. महिन्यातला एखादा शनिवार मी तिथे असतो. बरोबर एक ठासणीची रायफल असते, परवान्याची आणि नोंदणीची.

ऑफिसात माझा विषय कंपनांचे मोजमाप. डॉक्टरेटही त्यातच. म्हणजे आकड्यात चूक किती आणि ती कुठून आली हे शोधणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे असेल, पण बंदुकीतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे नेम लावून घेणे. इथले लोक त्याला ‘साइटिंग इन’ म्हणतात. शिकारीचा मोसम जवळ आला की रेंजवरच्या बाकांवर माणसे हेच करत बसलेली दिसतात. बहुतेकांना कसली पदके नको असतात. गोळी कुठे जाते हे समजले पाहिजे, एवढ्यासाठी ती सकाळभर कागदाला भोके पाडतात.

हे करतात कसे ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

ठासणीच्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ओततात. काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. त्यावर तेलकट सुती चिंधीत बसवलेली शिशाची गोळी ठेवून गजाने तळापर्यंत ठासतात. मागे निपलवर केप बसवतात. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. आता यात बदलणाऱ्या गोष्टी मोजा: दारूचे माप, गजाचा दाब, चिंधीची जाडी, गोळीचे वजन, नळीतली काजळी, हवेतला दमटपणा आणि शेवटी चाप ओढणाऱ्याचा खांदा. यातली एक जरी दर वेळी वेगळी झाली तरी गोळी वेगळीकडे जाणार. म्हणून पद्धत अशी:

१) बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, म्हणजे हाताची थरथर हिशेबातून जाते.

२) दारू दर वेळी एकाच मापाने मोजायची. अंदाज, चिमूट, ओंजळ सगळे बंद.

३) दर बारानंतर ओल्या चिंधीने नळी पुसायची, म्हणजे प्रत्येक गोळीला सारखीच नळी मिळते.

४) आधी जवळून, पंचवीस मीटरवरून, कागदावर गोळी पडते तरी का ते पाहायचे. मग पन्नास मीटर.

५) पाच बार एकाच ठिकाणी नेम धरून काढायचे. मध्ये काहीही हलवायचे नाही!

पाचवा मुद्दा महत्त्वाचा. नवखा माणूस एक बार काढतो, भोक डावीकडे दिसले की लगेच मागची खूण उजवीकडे सरकवतो. पुढचे भोक उजवीकडे गेले की परत डावीकडे. डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने याच रोगावर नरसाळ्याचा एक प्रसिद्ध प्रयोग दाखवला होता. टेबलावरच्या खुणेवर नरसाळ्यातून गोट्या सोडायच्या आणि प्रत्येक गोटीच्या चुकीप्रमाणे नरसाळे तेवढेच उलट सरकवायचे. असे केल्याने गोट्या खुणेजवळ येतच नाहीत, उलट त्यांचे विचरण दुप्पट होते. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली आपण बिघाड वाढवतो. बंदुकीचेही तसेच. एका भोकावरून काही कळत नाही. पाच भोकांचा मध्य काढला तर त्या मध्यातली अनिश्चितता एका बारापेक्षा निम्म्याहून कमी होते.

त्या पाच भोकांतून दोन वेगवेगळ्या गोष्टी कळतात. भोके एकमेकांपासून किती पसरली, हा पसारा. आणि त्यांचा मध्य खुणेपासून किती लांब, ही चूक. चूक दुरुस्त करणे सोपे, कारण ते त्रैराशिक आहे. पन्नास मीटरवर मध्य दहा सेंटिमीटर डावीकडे आहे, पुढची माशी आणि मागची खाच यांत सत्तर सेंटिमीटर अंतर आहे, तर मागची खाच १.४ मिलिमीटर उजवीकडे सरकवायची. झाले. पसारा मात्र खाच सरकवून कमी होत नाही. त्यासाठी माप, चिंधी, गोळी यांत एका वेळी एकच बदल करून पुन्हा पाच बार. आणि एवढे करूनही जो पसारा उरतो, त्यावरून ठरते की या बंदुकीने, या माणसाने, जास्तीत जास्त किती अंतरावरून जनावरावर गोळी झाडावी. ताटलीएवढ्या जागेत पाचही गोळ्या पडल्या ते तुमचे अंतर. त्यापलीकडे जनावर कितीही मोठे असो, चाप ओढायचा नाही.

अंतर महत्त्वाचे, कारण ठासणीची गोल गोळी लवकर दमते. पन्नास मीटरला बरोबर लावलेली गोळी शंभर मीटरला सुमारे वीतभर खाली जाते. पाठीवर नेम धरला तर पोटात लागते. आणि पोटात लागलेले जनावर लगेच मरत नाही, झाडीत शिरते आणि तिथे तासन्तास तडफडते.

आणखी एक बारकावा. स्वच्छ, तेल लावलेल्या नळीतून निघालेला पहिला बार पुष्कळदा पुढच्या बारांपेक्षा वेगळीकडे जातो. रानात माणसाला मिळतो तो हाच पहिला बार! दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगरापलीकडे. म्हणून मुरलेले लोक वेगवेगळ्या दिवशीचे फक्त पहिले बार एकाच कागदावर घेऊन तो कागद जपून ठेवतात.

आता कायद्याकडे येऊ. व्हिक्टोरिया राज्यात सांबराची शिकार परवान्याने करता येते. (सांबर म्हणजे इडलीबरोबरचे नव्हे, आपल्या सह्याद्रीतलेच ते जनावर. १८६० च्या दशकात गोऱ्या हौशी मंडळींनी ते भारत-श्रीलंकेकडून इथे आणून सोडले.) त्यासाठी ठासणीची रायफल वापरायची तर नळी किमान .४५ कॅलिबरची हवी आणि गोळी किमान २३० ग्रेनची, म्हणजे १४.९ ग्रॅमची. माझी रायफल .५४ ची आहे. तिच्यात बसणारी गोल गोळी भरते सुमारे साडेचौदा ग्रॅम. म्हणजे नळी मोठी असूनही चार दशांश ग्रॅमसाठी ती गोळी सांबराला चालत नाही, लांबट जड गोळी घ्यावी लागते. गुळगुळीत नळीची बंदूक वापरणार असाल तर आणखी एक अट आहे: तिला पुढची आणि मागची अशा दोन्ही खुणा हव्यात, किंवा दुर्बीण वा तसे साधन हवे. नुसता पुढचा मणी चालत नाही.

ही शेवटची अट वाचली तेव्हा मला माझ्या काकांची बंदूक आठवली. कणकवली तालुका. (यापेक्षा जास्त पत्ता सांगत नाही.) आजोबांच्या पश्चात वारसाने काकांच्या नावावर आलेली, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक. नळी गुळगुळीत. पुढे पितळेची एक माशी. मागे काही नाही, म्हणजे डोळा दर वेळी जिथे टेकेल तिथून नेम. दारू अंदाजाने. आत कधी छर्रे, कधी एकच गोळी, जे मिळेल ते. गेल्या खेपेला मी विचारले, काका, ही मारते कुठे?

‘ती जरा डावीकडे जाता.’

किती?

‘थोडी.’

किती अंतरावर?

‘तां काय मोजूक नाय रे.’

काकांना दोष देऊ नका. त्यांनी मोजायचे कुठे? अंगणात बार काढला तर शेजारी तक्रार करणार, रानात काढला तर वनखाते विचारणार. तालुक्याला रेंज नाही. आणि कोणी मोजायला सांगितलेही नाही.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या तेराव्या कलमात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तिच्याने भागत नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, आणि तिची नळी किमान वीस इंच हवी, असेही तिथे म्हटले आहे. नळी किती लांब ते कायद्याने सांगितले. त्या नळीतून निघालेली गोळी कुठे पडावी याबद्दल चकार शब्द नाही. २०१६ च्या नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे कलम आले, चांगले झाले. पण बंदूक सुरक्षित धरता येणे वेगळे आणि या विशिष्ट बंदुकीचा नेम लागलेला असणे वेगळे. गाडी चालवता येणाऱ्या माणसाच्याही गाडीचे ब्रेक तपासावे लागतात.

असे का झाले? माझे मत स्पष्ट आहे. या कायद्याचे मूळ १८७८ च्या लिटनच्या आर्म्स ॲक्टमध्ये आहे. त्या सरकारला बंदूक कोणाकडे आहे याची भीती होती. रयतेच्या गोळीने डुक्कर मरते की नुसते जखमी होते, याच्याशी त्याला काय देणेघेणे? स्वातंत्र्यानंतर आपण कायदा नवा केला, प्रश्न तोच ठेवला. म्हणून आजही सगळे लक्ष बंदुकांच्या मोजदादीवर. निवडणूक आली की नोटीस येते, बंदुका जमा करा. २०२४ मध्ये आचारसंहिता दोनदा लागली, मार्चात लोकसभेची आणि ऑक्टोबरात विधानसभेची. एक काजूच्या हंगामात, दुसरी भात कापणीच्या तोंडावर. डुकरांना आचारसंहिता लागू नसते! शिवाय काळ्या दारूची काजळी हवेतले पाणी ओढते. कोकणच्या दमट हवेत न पुसलेली नळी आठवडाभरातच गंजू लागते. महिना-दोन महिने खोलीत उभी राहिलेली बंदूक परत आली की तिचा नेम बदलला का, हे कोण पाहतो? पावती मात्र जपून ठेवावी लागते.

दुसरीकडे शिकारीचा कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झाले. पण उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना परवानगीने मारण्याची वाटही त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात ठेवली, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ती वाट अटींसह आणखी सोपी केली. म्हणजे शासन एका हाताने मारण्याची परवानगी देते, दुसऱ्या हाताने बंदुकीचा परवाना देते, आणि त्या दोहोंमधली गोष्ट, गोळी जनावराला योग्य जागी लागणे, ती देवावर सोडते.

याची किंमत दोघे मोजतात. पहिले जनावर. पायाला नाहीतर पोटाला छर्रे लागलेले डुक्कर काजूच्या बागेत जाऊन पडते आणि दोन दिवसांनी वासावरून सापडते. दुसरा माणूस. पहाटे त्याच बागेत बोंडू वेचायला जाणाऱ्या बाईच्या समोर ते जखमी डुक्कर आले तर काय होते हे कोकणात कोणाला सांगायला नको. आणि डुक्कर समजून माणसालाच गोळी लागल्याच्या बातम्याही आपण वाचतो. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की नेम लावल्याने अंधारात माणूस ओळखू येत नाही. तो वेगळा रोग आहे, आणि त्याचे औषध म्हणजे नीट दिसल्याशिवाय चाप न ओढणे. पण ज्याने कागदावर पाहिले आहे की आपली बंदूक तीस मीटरच्या पुढे ताटात पाच गोळ्या टाकू शकत नाही, तो सत्तर मीटरवरच्या हलणाऱ्या झुडपावर बार काढणार नाही. त्याला स्वतःची मर्यादा आकड्यात माहीत असते. ज्याने कधी पाहिलेच नाही त्याला मर्यादा नसते.

आता ठरलेले आक्षेप.

‘हा शिकारीचा प्रचार आहे.’ मुळीच नाही. नेम तपासायला लागले की लोक कमी बार काढतात, जवळून काढतात, पुष्कळदा काढतच नाहीत. ज्यांना प्राण्यांची खरी कणव आहे त्यांनी या मागणीत सर्वांत पुढे असायला हवे. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून ‘बिचारी डुकरे’ म्हणण्यापेक्षा ती तडफडून मरू नयेत याची व्यवस्था मागणे जास्त उपयोगाचे.

‘गरीब शेतकऱ्याला हे परवडणार नाही.’ काय परवडणार नाही? वर्तमानपत्राचा कागद, वाळूची दोन पोती आणि पाच बारांची दारू? छर्रे वापरणाऱ्याला तर खाचही सरकवायची नाही. पंधरा, वीस, पंचवीस मीटरवर एकेक कागद लावायचा, मध्ये ताटाएवढे वर्तुळ काढायचे आणि आत किती छर्रे पडले ते मोजायचे. ज्या अंतरावर वर्तुळ विरळ दिसू लागते तिथे त्या बंदुकीची हद्द संपली.

‘आमचे आजोबा काही न मोजता एका गोळीत डुक्कर पाडायचे.’ पाडत असतील. पण ओसरीवर सांगितल्या जातात त्या पडलेल्या डुकरांच्या गोष्टी. जी जखमी होऊन पळाली त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. मोजमापाच्या धंद्यात याला निवडलेला नमुना म्हणतात आणि त्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याचा पेपर परत पाठवतात.

‘तुम्ही तिकडे बसून ऑस्ट्रेलियाची आरती ओवाळता.’ ओवाळत नाही. इथला आजचा बंदूक कायदा यायला १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला पस्तीस माणसे मरावी लागली. हौसेने आणलेली सांबरे आता प्रचंड वाढून इथल्या डोंगरावरचे जंगल तुडवत आहेत, तरी कायद्यात त्यांना शिकारीचे जनावर म्हणून स्थान आहेच. आणि सांबराच्या साध्या परवान्यासाठी गोळी झाडून दाखवायची परीक्षा इथेही नाही, हेही सांगतो. पण सुरक्षेचा कोर्स आहे, गोळीच्या वजनाचा आणि खुणांचा नियम आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरापासून अर्ध्या तासावर अशी जागा आहे जिथे जाऊन मी स्वतःची परीक्षा घेऊ शकतो. नेम न लावता रानात जाणाऱ्याला इथले इतर शिकारीच नावे ठेवतात. एवढेच आपल्याकडे हवे आहे.

तर माझ्या मागण्या, मोजून चार:

एक, ज्या तालुक्यांत शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत तिथे वर्षातून दोन दिवस, एकदा भात पिकण्याआधी आणि एकदा काजूच्या आधी, पोलिसांच्या देखरेखीखाली तपासणी ठेवा. कायमची इमारत नको. मातीचा उंच बांध, मोकळी पन्नास मीटर जागा आणि एक जाणता माणूस पुरे.

दोन, मागची खूण नसलेल्या बंदुकीला ती परवानाधारक कारागिराकडून बसवून घेण्याची रीतसर परवानगी आणि थोडे अनुदान द्या. शेती अवजारांना देता तसेच.

तीन, परवान्यावर दारूची जी मर्यादा असते तिच्यात सरावाचा वाटा वेगळा धरा. नाहीतर माणूस मोजकी दारू कागदावर का घालवेल?

चार, निवडणुकीत जमा झालेली बंदूक परत देताना ती पुसून, तपासून द्या.

आमदार-खासदारांना यात मते दिसणार नाहीत, तेव्हा सुरुवात तुम्हा वाचकांनाच करावी लागेल. गावी कोणाकडे अशी बंदूक असेल तर या गणपतीत त्यांना एवढेच विचारा: ती कुठे मारते, किती अंतरावर, आणि हे तुम्हाला कसे माहीत? उत्तर ‘थोडी डावीकडे’ असे आले तर ग्रामसभेत एक अर्ज द्या. परवान्याच्या नूतनीकरणाला फोटो जोडतात, त्यांच्याबरोबर पाच भोकांचा एक कागदही जोडायला सांगा. त्या कागदावरून साहेबाला जेवढे कळेल तेवढे चारित्र्याच्या दाखल्यावरून कळणार नाही.